आकड्यांची मांडणी आणि १ जूनचा स्तंभ

संख्याशास्त्रात गोळा केलेल्या, पण अद्याप कोणताही क्रम न लावलेल्या आकड्यांना कच्ची सामग्री म्हणतात. शंभर विद्यार्थ्यांचे गुण किंवा एखाद्या प्रभागातील मतदारांची वये जशी हाती आली तशी लिहून काढली, तर त्या गर्दीतून फारसे काही उमगत नाही. प्रत्येक मूल्य किती वेळा आले हे मोजले, की त्या संख्येला त्या मूल्याची वारंवारता म्हणतात आणि तयार होणाऱ्या कोष्टकाला वारंवारता सारणी. मोजणी ताळ्याच्या खुणांनी होते : चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी पाचवी तिरपी रेघ. शाळेतील वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत फळ्यावर उमटणाऱ्या रेघा त्याच.

मूल्ये फार असतील तर त्यांचे वर्ग पाडावे लागतात. ०-१०, १०-२० अशा असमावेशक मांडणीत वरची मर्यादा त्या वर्गात धरली जात नाही. १० गुण मिळवणारा दुसऱ्या वर्गात जातो. १०-१४, १५-१९ अशा समावेशक मांडणीत दोन्ही मर्यादा वर्गातच असतात. पाठ्यपुस्तके समावेशक वर्ग सलग करण्यासाठी दोन्हीकडे अर्ध्याचा फरक करायला शिकवतात. वयाला मात्र हा नियम लागू होत नाही. वय पूर्ण वर्षांत सांगितले जात असल्याने १४ वर्षे ११ महिन्यांचा मुलगाही १०-१४ याच वर्गात असतो. म्हणजे हा वर्ग १० पासून थेट १५ पर्यंत पसरतो आणि त्याचा वर्गमध्य १२ नव्हे, तर १२.५ असतो. परीक्षेत अर्ध्या गुणाने हुकणारी ही चूक लोकसंख्येच्या हिशोबात सरासरी वय अर्ध्या वर्षाने कमी दाखवते.

सारणीचे चित्र म्हणजे आलेख. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये स्तंभालेख आणि १८०१ मध्ये वृत्तालेख छापला. स्तंभालेखात स्तंभांमध्ये अंतर असते, कारण प्रत्येक स्तंभ वेगळ्या गोष्टीचा असतो. सलग वर्गांसाठी असतो तो आयतालेख. त्यात आयत एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि वारंवारता उंचीने नव्हे, क्षेत्रफळाने दाखवली जाते. वर्ग समान रुंदीचे असतील तर हा भेद जाणवत नाही. पण एक वर्ग दुप्पट रुंद असूनही त्याची उंची निम्मी केली नाही, तर चित्र धादांत खोटे बोलते. उभा अक्ष शून्यापासून सुरू न करता स्तंभ काढण्याचा प्रकारही तसाच. वृत्तपत्रांतील आलेख याला अपवाद आहेत, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

वर्ग किती रुंद घ्यावा, हा प्रश्न तांत्रिक वाटतो. त्यातून काय दिसते आणि काय दडते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या घराघरांत आहे. जुन्या पिढीतील असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. जन्माची नोंद नसे. आईला आठवे ते एवढेच, की मूल दुष्काळाच्या साली झाले किंवा पेरणीच्या सुमारास झाले. मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडता आला, की गुरुजी त्याला शाळेत दाखल करून घेत. शाळा जूनमध्ये सुरू होई. म्हणून प्रवेशाला आवश्यक तेवढी वर्षे मागे मोजून १ जून ही तारीख पटावर चढवली जाई.

समजा, एखाद्या मोठ्या कार्यालयातील अशा पिढीच्या कर्मचाऱ्यांच्या जन्मतारखांची सारणी करायची आहे. जन्मवर्षानुसार वर्ग पाडले, तर आयतालेखात काहीही खटकणार नाही. वर्षे आपली कमीअधिक उंचीने उभी राहतील. महिन्यानुसार मांडणी केली, तर जूनचा स्तंभ इतरांहून उंच दिसेल आणि वाचणारा पावसाळ्याशी त्याचा काही संबंध जोडून मोकळा होईल. दिवसानुसार मांडणी केली, की मग एकच सुळका वर येतो : १ जून. सामग्री तिन्ही वेळा तीच आहे.

या सुळक्याचे परिणाम खऱ्या आयुष्यांवर होतात. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला शासकीय कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे रोजी राज्यातील अनेक कार्यालयांत एकाच दिवशी टेबले रिकामी होतात. ज्याचे वय गुरुजींनी दीड वर्षाने वाढवले, त्याची दीड वर्षाची नोकरी बुडते. ज्याचे कमी लावले, त्याला ती जादा मिळते. सेवापुस्तकातील तारीख बदलायची, तर अर्ज सेवेत आल्यापासून ५ वर्षांच्या आत करावा लागतो; त्या वयात निवृत्तीचा विचार कोण करतो?

जनगणनेत हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. वय नक्की ठाऊक नसलेला माणूस ‘असेल चाळीस-पंचेचाळीस’ असे म्हणतो आणि प्रगणक ४० किंवा ४५ लिहितो. एकेका वर्षाच्या सारणीत ० आणि ५ ने संपणाऱ्या वयांवर ढीग साचतात. ते मोजण्यासाठी व्हिपल निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या ४० वयांपैकी २५, ३०, ३५ अशी ८ वये ० किंवा ५ ने संपतात, म्हणजे बरोबर एक पंचमांश. या आठ वयांच्या लोकांच्या संख्येला पाचने गुणून एकूण संख्येने भागतात व शंभराने गुणतात. उत्तर १०० आले तर कल नाही; प्रत्येकाने असेच वय सांगितले, तर ५००. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतवारीत १०५ च्या आतील सामग्री अत्यंत अचूक आणि १७५ च्या पुढची अगदी ढोबळ मानली जाते.

पाच-पाच वर्षांचे वर्ग पाडले की ढीग झाकले जातात, पण नाहीसे होत नाहीत. ५९ वर्षांच्या माणसाने ६० सांगितले, तर तो ५५-५९ या वर्गातून ६०-६४ मध्ये जातो आणि ज्येष्ठ नागरिकांची संख्या एकाने फुगते. याउलट ५८-६२ असा वर्ग घेतला, तर ६० वरचा ढीग मध्यावर येतो आणि दोन्हीकडून आलेले लोक बव्हंशी आपल्याच वर्गात राहतात. मात्र योजनांच्या मर्यादा १८ आणि ६० अशा असल्याने धोरणकर्त्यांना ही मांडणी गैरसोयीची वाटते. जनगणनेची कोष्टके ०-४, ५-९ अशीच छापली जातात. शेवटी ‘८० व अधिक’ हा उघडा वर्ग आणि ‘वय न सांगितलेले’ अशी ओळ असते. ही शेवटची ओळ गाळली तर कोष्टक नीटनेटके दिसेल, पण बेरीज जुळणार नाही.

दुरुस्तीचा खरा मार्ग मूळ नोंदीतच आहे. २०११ च्या जनगणनेत वयासोबत जन्मतारीखही विचारण्यात आली. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून शासकीय नोकरीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. ही मुले २०२९-३० च्या सुमारास पहिलीत बसतील, तेव्हा पटावरची तारीख दाखल्यावरूनच उतरवली जाईल.