साल कुटून केलेलं वस्त्र

हवाई बेटांवर एक जुनी कथा सांगतात. माउई नावाच्या वीराची आई हिना कापा कुटून उन्हात पसरायची आणि तो वाळायच्या आत सूर्य मावळायचा. मग माउईने हालेआकाला डोंगरावर चढून सूर्याचे किरणच दोरखंडांनी जखडले आणि हळू चालायचं कबूल करवूनच त्याला सोडलं. एका आईचं कापड वाळावं म्हणून थेट सूर्याशी झुंज! कापाचं त्या समाजात काय मोल होतं, हे यावरून उमजतं.

कापा म्हणजे झाडाच्या सालीचं वस्त्र. आपल्याकडे वल्कलं पुराणांत उरली; हवाईत तो रोजचा पेहराव होता. त्याचं झाड वाउके, तुतीच्या कुळातलं. सुमारे हजार वर्षांपूर्वी पॉलिनेशियन दर्यावर्दींनी ते होड्यांतून आणलं. हळदही त्यांनीच आणली.

वाउके वाढवणं हेच पहिलं कौशल्य. बाजूचे फुटवे कोवळे असतानाच खुडायचे, कारण फांदी फुटली की तिथे सालीला भोक पडतं. झाड पुरेसं वाढलं की तोडायचं, साल सोलायची, वरचा खरबरीत थर शिंपल्याने खरवडून आतली पांढरी साल भिजवायची आणि दगडावर गोल दांडक्याने कुटायची. सालीचं कापड सामोआ-टोंगातही होतं. हवाईच्या बायका मात्र एक पायरी पुढे गेल्या. कुटलेल्या पट्ट्या वाळवून त्या पुन्हा पाण्यात मुरत घालत आणि आंबून मऊ झाल्या की लाकडी ठोकळ्यावर चौकोनी दांडक्याने दुसऱ्यांदा कुटत. दांडक्याच्या बाजूंवर नक्षी कोरलेली असे. नोट उजेडात धरल्यावर आतलं चित्र दिसतं, तशी ती नक्षी कापडाच्या अंगात उतरे. पट्ट्या जोडायला सुई नको. कडा एकमेकींवर ठेवून कुटल्या की एकजीव होत. मग हळदीचा पिवळा रंग, नोनीच्या, म्हणजे आपल्या बारतोंडीच्या सालीचा लाल, काजळीचा काळा, आणि बांबूच्या पट्टीवर कोरलेले ठसे. पुरुषांचा मालो (लंगोट), बायकांचा पाऊ (घागरा), रात्रीचं अनेक थरांचं पांघरूण, पूर्वजांच्या अस्थी गुंडाळायचं वस्त्र, सगळं कापाचंच.

१७७८ मध्ये कॅप्टन कुक आला आणि मागोमाग लोखंड आलं. लोखंडी हत्यारांनी दांडक्यांवरची, ठशांवरची नक्षी आणखी बारीक झाली. व्यापाऱ्यांचं लाल सुती कापड बायकांनी फाडून चिंध्या केल्या आणि त्या पांढऱ्या कापात कुटून नवाच लाल कापा काढला. म्हणूनच परकं आलं की आपलं मरतं, हे सरसकट विधान मला पटत नाही. कला जिवंत होती तोवर तिने परकंही पचवलं.

पण कुटणारे हातच गेले. गोवर, डांग्या खोकला, देवी अशा साथींनी माणसं पटापट मेली. कुकच्या वेळी लाखांत असलेले हवाईयन १८९०च्या गणतीत जेमतेम चाळीस हजार उरले. त्याआधीच चंदनाच्या व्यापाराने गावं पिळून काढली होती. चीनमधल्या कँटनला चंदन पाठवून परदेशी माल घ्यायचा, म्हणून सरदारांनी रयतेला डोंगरात लाकूडतोडीला जुंपलं आणि शेती ओस पडली.

१८२० मध्ये बोस्टनहून मिशनरी आले. मुंबईत १८१३ पासून काम करू लागलेली अमेरिकन मराठी मिशन त्यांना पाठवणाऱ्या संस्थेचीच. ३ एप्रिलला त्यांच्या जहाजाच्या डेकवर राजघराण्यातल्या बायका चटयांवर बसून शिवण शिकल्या. राणी कालाकुआने पांढरं कापड आणलं होतं, तिला मडमांसारखा झगा हवा होता. त्यात मला तिचा दोष दिसत नाही. सुती कापड धुता येतं, कापा पाण्याने विरायला लागतो. पण मिशनऱ्यांनी अंग झाकणं हा धर्माचा प्रश्न केला आणि साधी आवड सक्तीच्या वाटेला लागली. पुढे जमिनी उसाच्या मळ्यांकडे गेल्या, १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं गेलं, १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. विसाव्या शतकाच्या आरंभी कापा जवळपास थांबलाच होता.

१९७०च्या दशकात पुआनानी व्हान डॉर्प यांच्यासारख्या बायकांनी तो पुन्हा हाती घेतला. विचारायला आजी उरली नव्हती. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात जुने तुकडे आणि दांडकी होती, त्यांवरून प्रयोग करत त्यांनी कृती जुळवत नेली. १९८०च्या दशकात माउई बेटावर होनोकाहुआ इथे हॉटेलच्या खोदकामात पूर्वजांच्या शेकडो अस्थी निघाल्या. लोकांनी आंदोलन केलं आणि हॉटेल आत सरकवायला लावलं. त्या अस्थी पुन्हा पुरताना व्हान डॉर्प आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी कुटलेल्या कापात गुंडाळल्या. २०११ च्या मेरी मोनार्क महोत्सवात हालाउ ओ केकुही या पथकाने नव्याने कुटलेला कापा नेसून हुला नृत्य केलं.

होनोलुलूला गेलात तर बिशप संग्रहालयातला कापा आवर्जून पाहा. बाजारात सालीचं नक्षीदार कापड दिसलं, तर ते कुठल्या बेटावर आणि कुणाच्या हातून कुटलं गेलं, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.