सरकारला माल पुरवला, पण बिल मिळाले नाही? पुरवठादाराचे हक्क

बचत गट, कारागीर आणि लघुउद्योग सरकारी शाळा, रुग्णालये व कार्यालयांना गणवेश, बाके, खाद्यपदार्थ असा माल पुरवतात. अशा व्यवहारात सरकार खरेदीदार असते. त्यालाही सचोटीने वागण्याचे बंधन आहे.

खरेदी करताना सरकारवर कोणती बंधने आहेत?
• संविधानाच्या अनुच्छेद 14 नुसार निविदा देताना मनमानी किंवा भेदभाव करता येत नाही.
• अनुच्छेद 299 नुसार केंद्राचा करार राष्ट्रपतींच्या आणि राज्याचा करार राज्यपालांच्या नावे, अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच करावा लागतो.

तोंडी आदेशावर माल दिला असेल तर?
असा करार न्यायालयात टिकत नाही. तरीही भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 70 मदतीला येते. माल फुकट देण्याचा हेतू नव्हता आणि सरकारने तो स्वीकारून वापरला, तर वाजवी मोबदला मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये पश्चिम बंगालच्या बी. के. मंडल प्रकरणात हे मान्य केले. मात्र माल पोहोचवल्याचे आणि वापरल्याचे पुरावे तुम्हालाच द्यावे लागतात. म्हणून लेखी आदेशाशिवाय माल देऊ नका.

बिल किती दिवसांत मिळावे?
एमएसएमईडी अधिनियम, 2006 नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादक किंवा सेवा पुरवठादाराला ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे मिळाले पाहिजेत. ही मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तारीख ठरली नसेल तर 15 दिवसांची मुदत लागू होते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देय होते. मालाबद्दल तक्रार असल्यास खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी कळवावे; अन्यथा माल स्वीकारला असे मानले जाते.

काय करावे?
1. माल पुरवण्यापूर्वी उद्यम नोंदणी करा. ती मोफत आहे.
2. खरेदी आदेश, चलन, पोच आणि बिलाची प्रत जपून ठेवा. पोचेवर सही, शिक्का व तारीख घ्या.
3. मुदत संपल्यावर कार्यालयाला लेखी स्मरणपत्र द्या.
4. तरीही पैसे न मिळाल्यास राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करा. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, नंतर लवादाचा निर्णय. त्याविरुद्ध न्यायालयात जाण्यासाठी खरेदीदाराला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

लक्षात ठेवा: सचोटीचे बंधन तुमच्यावरही आहे. नमुन्यापेक्षा हलका माल किंवा खोटे बिल दिल्यास तुमचाच दावा कमकुवत होतो.