विकसनशील अर्थव्यवस्था आणि बहुउद्योगी समूह : वालचंद समूहाच्या विशेष संदर्भात

एकाच घराण्याच्या नियंत्रणाखाली परस्परांशी संबंध नसलेले अनेक उद्योग असणे, हे विकसनशील देशांच्या औद्योगिक इतिहासाचे ठळक वैशिष्ट्य आहे. भांडवलबाजार, प्रशिक्षित व्यवस्थापक व विश्वासार्ह न्यायव्यवस्था यांच्या उणिवा असे समूह अंतर्गत भरून काढतात, अशी मांडणी तरुण खन्ना व कृष्ण पलेपू यांनी १९९७ मध्ये केली. वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांच्या उद्योगसमूहाला ती कितपत लागू पडते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

रेल्वेच्या कंत्राटांपासून आरंभ करून वालचंदांनी बांधकाम, साखर, जहाजवाहतूक, विमाने व मोटारी अशा क्षेत्रांत प्रवेश केला. वरकरणी हा विस्तार विस्कळीत वाटतो. परंतु कंत्राटदारीत मिळालेली पत आणि मोठी कामे पार पाडण्याचा अनुभव ही पुढील प्रत्येक उद्योगाची शिदोरी होती. येथवर उपरोक्त मांडणी पटते.

तथापि, वालचंदांसमोरील पोकळी केवळ बाजारपेठेची नव्हती. ती राजकीयही होती. सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, पण ब्रिटिश कंपन्यांच्या दरयुद्धापुढे १९२३ च्या करारान्वये कंपनीला किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहावे लागले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने बंगळूर येथे विमान कारखाना उभा राहिला. १९४२ मध्ये शासनाने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. खन्ना-पलेपू यांच्या विवेचनात परकीय सत्तेच्या अडथळ्याला पुरेसे स्थान नाही, ही त्याची मर्यादा होय.

अर्थात समूहपद्धतीचे गुणगानच करावे असे नाही. मॅनेजिंग एजन्सी पद्धतीत अल्प भागभांडवलाच्या बळावर अनेक कंपन्यांवर ताबा ठेवता येई, आणि कंपनीची स्थिती कशीही असली तरी एजंटांचे उत्पन्न बहुधा सुरक्षित राही. सामान्य भागधारकाचा कैवार घेणारे कोणी नव्हते. आर्थिक सत्तेच्या केंद्रीकरणाविरुद्ध १९६९ चा मक्तेदारी नियंत्रण कायदा आला, १९७० मध्ये मॅनेजिंग एजन्सी पद्धतीही संपुष्टात आली, ती या पार्श्वभूमीवर.

मात्र शासन आणि समूह यांचे नाते केवळ नियंत्रणाचे नव्हते. सिंदियाच्या विशाखापट्टणम येथील गोदीत बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज मार्च १९४८ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. इतका भांडवलप्रधान उद्योग एका समूहाला पेलणारा नव्हता. १९५२ मध्ये गोदीचा मोठा हिस्सा शासनाकडे गेला आणि १९६१ मध्ये ती पूर्णतः शासकीय झाली.