एका डिस्कचे चार वाटे

मावळ प्रांत एकच. पण डोंगररांगांनीं त्याचे पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ असे भाग पाडले. तेथें सीमा निसर्गानें आंखली. लोणावळ्याच्या एखाद्या घरांतील लॅपटॉपच्या डिस्कवर ती माणसासच आंखावी लागते.

या आंखणीचा इतिहास १९८३ सालचा. आयबीएम कंपनीनें १० मेगाबाइटांची डिस्क असलेला संगणक विक्रीस आणला, आणि एकाच डिस्कवर निरनिराळ्या कार्यप्रणालींना नांदतां यावें म्हणून पहिल्या ५१२ बाइटांत हद्दींचें टिपण ठेवण्याची सोय झाली. टिपणास जागा अवघी ६४ बाइट. प्रत्येक नोंदीस १६. म्हणून मुख्य वाटे चारच! तीं ६४ बाइटें बिघडलीं कीं सारे वाटे बेपत्ता, कारण दुसरी प्रत नाहीं. पुढें डिस्का वाढल्या, आणि सुमारें २ टेराबाइटांपलीकडे हें टिपण पोहोंचेना. नंतरच्या जीपीटी पद्धतींत सामान्यतः १२८ नोंदी मावतात व डिस्कच्या अखेरीस त्यांची प्रतही राहते.

विंडोज व लिनक्स एकत्र नांदवावयाचीं तर घरचे कागद, छायाचित्रें यांना तिसरा वाटा द्यावा. एखादी प्रणाली बिघडल्यास केवळ तिचाच वाटा पुसून ती पुन्हा बसवितां येते. मात्र डिस्कच निकामी झाली तर सारे वाटे एकदमच बुडतात. म्हणून हद्दी हलविण्यापूर्वीं बाहेरच्या डिस्कवर एक प्रत काढून ठेवणें भाग आहे.