रिकाम्या पोटी सिंहगड?

रविवारी पहाटे वाकडच्या भूमकर चौकातून सिंहगडाकडे निघणाऱ्या सायकलस्वारांत एक मत पक्कं रुजलं आहे. घाट चढायचा तर वजन उतरवा. भात बंद, रात्री नुसतं सूप, सकाळी काळा चहा, की मारा पॅडल!

हे मत पोकळ नाही, म्हणून त्याची बाजू आधी नीट मांडतो. सपाटीवर झुंज वाऱ्याशी असते, घाटात ती गुरुत्वाकर्षणाशी होते. अंगावरचा प्रत्येक किलो वर न्यावा लागतो. 1998 ची टूर द फ्रान्स जिंकणारा मार्को पँटानी जेमतेम 57 किलोंचा होता. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट गाजवणारा 'घाटाचा राजा' कधी पहिलवानी अंगाचा असतो का, असंही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे.

पण हिशेब पुरा करा. सिंहगडाची चढाई 600 मीटर धरू. स्वार 70 किलोंचा, सायकल आणि सामान 10 किलोंचं, पायांची ताकद 200 वॅट. वारा आणि घर्षण सोडलं, तर माथा गाठायला सुमारे 39 मिनिटं लागतात. दोन किलो घटवले आणि ताकद तेवढीच राहिली, तर एक मिनिट वाचतं. ते दोन किलो उपाशी राहून घटवले आणि ताकद 190 वॅटवर आली, तर? वाचणं दूरच, उलट एक मिनिट जास्त लागतं. ताकद भागिले वजन या भागाकारात वजन छेद आहे, हे सगळे सांगतात. अंशाचं काय? तो पायांत असतो, आणि पायांना भात लागतो.

'पण चार दिवसांत दीड किलो उतरलं!' उतरलं खरं, पण काय उतरलं? स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी तोडली की आधी हा साठा आणि त्याचं पाणी जातं. चरबी जागच्या जागी राहते. काट्याने आनंद दिला तो घाटासाठी जपायच्या इंधनाच्या मोबदल्यात.

रिकाम्या पोटी चरबी जळते, हा दुसरा आधार. सपाट रस्त्यावर संथ चालवताना तो बऱ्याच अंशी खरा आहे. पण घाटात दम लागेपर्यंत जोर लावताना शरीर मुख्यतः कर्बोदकंच जाळतं. 200 वॅटने तासभर चढलं की सुमारे 700 किलोकॅलरी खर्च होतात. त्या काळ्या चहातून भरून निघणार आहेत का? लांब शर्यतीत तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत, असं क्रीडा-आहारशास्त्र सांगतं. एका मध्यम केळ्यात पंचविसेक ग्रॅम असतात. खिशात केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू हवेत, आणि ते भूक लागण्याआधी खायला हवेत.

सगळ्यांत गंभीर मुद्दा हाडांचा. खर्चाच्या मानाने सतत कमी खाणाऱ्या खेळाडूंच्या संप्रेरकांवर, हाडांवर आणि प्रतिकारशक्तीवर घाला पडतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला नाव देऊन इशारा दिला. सायकलिंगमध्ये पाय आपटत नाहीत, त्यामुळे हाडांना बळकटी मुळातच कमी मिळते. त्यात उपासमार? हा धोका मला एका मिनिटापेक्षा फार मोठा वाटतो.

नॉर्वेचा सायकलपटू योनास आब्राहामसेन पाहा. वर्षानुवर्षं तो सुमारे 60 किलोंवर अडकला होता. नीट खाऊन त्याने जवळपास 20 किलो वजन वाढवलं. 2024 च्या टूर द फ्रान्समध्ये त्याने चढांसाठीची लाल ठिपक्यांची जर्सी कित्येक दिवस मिरवली, आणि 2025 मध्ये एक टप्पा जिंकला. जर्सीसाठीचे गुण त्याने पुढे निसटलेल्या गटांत राहून लहान चढांवर मिळवले, आल्प्सच्या उंच घाटांवर नव्हे, हे मान्य. पण जास्त वजन म्हणजे चढावर हार, हा नियम तरी उरला का?

चरबी खरोखर जास्त असेल तर उतरवावी. शर्यत दूर असताना, पावसाळ्यात, आठवड्याला फार तर अर्धा किलो. आणि तीही हलक्या दिवसांच्या जेवणातून, घाटाच्या आदल्या रात्रीतून नव्हे. पटत नसेल तर एक प्रयोग करा. एका रविवारी उपाशी, पुढच्या रविवारी आदल्या रात्री वरण-भात आणि सकाळी पोहे खाऊन, तोच सिंहगड चढा. घड्याळ दोन्ही वेळा लावा. निवाडा तुमचा.