पाहुण्यांचं पाणी कुणाच्या घागरीतून?

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक संपत आली होती. हप्ते गोळा झाले होते, वहीवर सह्या चालल्या होत्या. तेवढ्यात एका मावशींनी विचारलं, "यात्रेला एवढी माणसं येतात, एवढ्या गाड्या लागतात. त्यांच्या पाण्याचे, झाडलोटीचे पैसे कोण देतं?" कुणी म्हणालं सरकार. कुणी म्हणालं देवस्थान. एक जण म्हणाली, "आपणच की, घरपट्टीतून आन् पाणीपट्टीतून." त्यावर मावशी म्हणाल्या, "मग वहीत दाखवा."

वही आमच्याकडे कुठली असणार? आमच्याकडे फक्त गटाची वही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आज आम्ही तुमच्याशी इतिहास बोलणार आहोत, पण तो राजांच्या लढायांचा नाही. छोट्या गावाने आपलं पाणी, रस्ता आणि पाहुण्यांची गर्दी कशी सांभाळली, त्याचा.

पाहुणे आपल्याला नवे नाहीत. आपला खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, मैलारपुरात. देव एक, गावं दोन. आणि देव नेताना-आणताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. देवाच्या बाबतीतसुद्धा आपल्या आधीच्या लोकांनी तोंडी कारभार ठेवला नाही, कागद केला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता थोडं लांब जाऊ, समुद्रावर. दोन वर्षांमागे आमच्या काही गटांच्या बाया सहलीचे पैसे साठवून मालवणला गेल्या होत्या. आम्हीही सोबत होतो. बहुतेकींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. एका आजींनी ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकून टाकली. "एवढं पाणी, आन् एक तांब्या पिता येईना!" आम्ही हसलो, पण मालवणच्या सगळ्या कारभाराचं मूळ त्या वाक्यात आहे.

मालवणसमोर कुरटे नावाच्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. चारही बाजूंनी खारं पाणी, आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. दूध बाव, दही बाव आणि साखर बाव. आपण ज्याला आड म्हणतो त्याला तिकडे बाव म्हणतात. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांना पाण्याची किंमत ठाऊक होती. पाण्याला दुधाचं आणि साखरेचं नाव द्यायचं, ते काही उगाच नाही.

समुद्राकाठच्या गोड्या विहिरीचं गणित आपल्या बोअरपेक्षा वेगळं आहे. पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतं. दुधावर साय धरावी तसं. हळू उपसलं तर गोडं पाणी मिळत राहतं. मोटर लावून ओढलं की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर मचूळ होते. मग ती पुन्हा गोडी व्हायला कधी कधी कित्येक पावसाळे लागतात. म्हणजे एका लॉजवाल्याने जास्त ओढलं, तर शेजारच्या बाईची विहीर बिघडू शकते. तिने मोटर लावलेलीच नसते.

तिथे पाऊस आपल्या चौपट पडतो. तरी मे महिन्यात कोकणातल्या कित्येक वाड्यांत बाया डोक्यावर हंडे घेऊन चालतात, हे ऐकून आमच्यातल्या काही जणींचा विश्वास बसला नाही. कारण साधं आहे. जांभा दगड पाणी पितो आणि तितक्याच लवकर सोडूनही देतो. डोंगर उतरता, समुद्र जवळ, म्हणून आलेलं पाणी वाहून जातं. पाऊस भरपूर पडला म्हणजे पाणी राहिलंच, असं होत नाही.

म्हणून मालवण शहराचं नळाचं पाणी किनाऱ्यावरच्या विहिरींतून येत नाही. ते येतं आत डोंगराकडच्या धामापूर गावच्या तलावातून. हा तलाव १५३० साली विजयनगरच्या राजाचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधला असं सांगतात. म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याच्याही सव्वाशेहून जास्त वर्षं आधी. मातीचा आणि जांभ्याचा बांध, काठावर भगवतीचं देऊळ, भोवती झाडी. सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून २०२० साली या तलावाला आंतरराष्ट्रीय मान मिळाला. पण आम्हाला त्या मानापेक्षा तिथली एक जुनी आख्यायिका जास्त भावली.

पूर्वी म्हणे, गरिबाघरी लग्न निघालं आणि नवरीला दागिने नसले, तर घरच्यांनी फुलांचे दागिने करून परडीत ठेवायचे आणि परडी तलावात सोडायची. परडी पाण्यात जाऊन परत वर यायची तेव्हा त्यात सोन्याचे दागिने असायचे. लग्न झालं की ते परत परडीत ठेवून तलावाला द्यायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. मग एकदा कुणीतरी दागिने परत केले नाहीत. त्या दिवसापासून तलावाने देणं बंद केलं.

गाडीत परतताना आमच्या बाया याच गोष्टीवर बोलत होत्या. "हे तर आपल्या गटावाणीच झालं," एक म्हणाली. "एकीनं हप्ता बुडवला की सगळ्यांचं कर्ज बंद." खरं आहे. आणि पाणीही तसंच आहे. बांध एकदा बांधला म्हणजे तो पाणी देतच राहतो असं नाही. गाळ काढावा लागतो, बांधाची झाडंझुडपं काढावी लागतात, पाइप फुटला तर त्याच दिवशी जोडावा लागतो. घेतलं तेवढं परत करावं लागतं. बांधकामाचं उद्घाटन होतं, नारळ फुटतो, फोटो निघतो. गाळ काढण्याचं उद्घाटन आम्ही अजून तरी पाहिलेलं नाही.

हे काम करायचं कुणी? तर गावच्या सभेने. सभेची ही रीत आपल्याकडे आणि कोकणात वेगवेगळ्या काळात आली. मालवण १८१२ पासून इंग्रजांकडे. मुंबई इलाख्यातल्या गावांना १८५० च्या कायद्याने नगरपालिका काढता येऊ लागली. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने ठरावच केला की गावच्या कारभारात लोकांनी निवडलेली माणसं हवीत. १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात त्याचा कायदा झाला. मतदार थोडे होते, पैसेवाले पुरुष होते, हे खरं. पण पट्टी भरणाऱ्याने हिशोब विचारायचा, ही सवय तिथे तेव्हापासून लागली. आपण मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात. आपल्याकडे हुकूम वरून यायचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तसंच होतं. आपल्या भागात हिशोब विचारायला बाया आणि पुरुष दोघेही बिचकतात, त्याचं एक कारण हे असावं असं आम्हाला वाटतं. विचारणाऱ्याला भांडखोर म्हणतात. मालवणच्या बाजारात तर पट्टी, गटार आणि नगरसेवक यावर लोक चहाइतक्या सहज बोलत होते.

महाराष्ट्र झाल्यावर १९६५ साली नगरपालिकांसाठी एकच कायदा आला. दिवाबत्ती, झाडलोट, गटारं, रस्ते, पाणी ही कामं त्यात बंधनकारक आहेत. मोठ्या शहराला जी कामं, तीच वीस हजारांच्या आतल्या मालवणला आणि तीच आपल्या नळदुर्गला. दोघांकडे किल्ला, दोघांकडे पाणी, दोघांकडे पाहुणे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि मालवणची गर्दी वाढत गेली. दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांच्या धक्क्याकडे गाड्यांची रांग लागते. बाजारातल्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत. नळ आणि गटार गावच्या लोकसंख्येवर मोजलेली, पण वापरणारे त्याहून किती तरी जास्त.

आमची गाडी धक्क्यापासून बरीच लांब लावावी लागली. उन्हात चालताना बाया कुरकुरल्या. पण त्या चालण्यात बाजारात कोकम, खाजा, काजू अशी खरेदी झाली. दुकानात आणि पाटीवर बसलेल्या बहुतेक बायाच होत्या. गाडी थेट धक्क्यावर नेली असती तर त्यांच्या हातात एक रुपया पडला नसता. वाहनतळ कुठे करायचा, हा प्रश्न नुसता जागेचा नाही. कुणाच्या दारावरून पाहुणा चालत जाणार, हेही त्यातच ठरतं.

गाडी लांब ठेवण्याचा सगळ्यात जुना धडा मात्र डोंगरावरच्या माथेरानचा आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांना ही जागा सापडली. गोऱ्या साहेबांनी आणि मुंबईच्या श्रीमंतांनी बंगले बांधले. १९०५ मध्ये तिथे नगरपालिका झाली, १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे आली. गाव एवढंसं, कायमची वस्ती चार-पाच हजारांची. आजही मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे जात नाहीत. नगरपालिका येणाऱ्या प्रवाशाकडून कर घेते. वर्षभर राहणारी बाई आणि दोन दिवस राहणारा पाहुणा, दोघांचा भार एकाच पट्टीवर टाकायचा नाही, असा त्यामागचा विचार. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांचे हाल वर्षानुवर्षं चालले, ई-रिक्षासाठी त्यांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. पण पाहुण्याने आपल्या पाण्याचे पैसे द्यावेत, हे तिथे कुणाला वावगं वाटत नाही.

"देवाच्या दारात कसला कर?" असं आमच्यातल्याच एकीने विचारलं. तर ऐका. १९६५ च्या नगरपालिका कायद्यात देवस्थानाला येणाऱ्या यात्रेकरूंवर कर बसवण्याची सोय आहे. ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या कायद्यातही यात्राकर आणि जत्रेवरचा कर आहे. बसवायचाच असं नाही. डोक्यावर गाठोडं घेऊन चालत येणाऱ्या म्हातारीकडून पैसे घ्यावेत असं आमचं मुळीच म्हणणं नाही, आणि घेतले तर आम्हीच विरोध करू. पण चारचाकी लावणाऱ्याकडून घेता येतात. ते घेतले तर कुठे गेले, हे पुन्हा वहीत दिसलं पाहिजे.

आणि आपण काही पाण्याच्या कामात अडाणी नव्हतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बांध घातला. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे बांधावरून कोसळतात आणि आत बसलेल्या माणसाच्या अंगावर शिंतोडाही येत नाही. चारशे वर्षं झाली, बांध उभा आहे. आपण तो बघायला पाहुण्यांना नेतो, त्यांच्या गाड्या लागतात, पण त्याच बोरीवर वरच्या बाजूला असलेल्या कुरनूर धरणात किती गाळ साचलाय हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे? आपल्या भागाच्या नळाचं पाणी तर त्याच धरणाचं.

बांधकाम तपासायला शिकण्याबद्दल एक आठवण सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि आपल्या जिल्ह्यात घरं पुन्हा बांधायची होती. तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहायक नेमलं. सिमेंट-वाळूचं प्रमाण, पाणी मारणं, कोपऱ्यात सळई आहे का, हे त्या घरोघर बघू लागल्या. गवंडी आधी हसले, मग त्यांनाच विचारू लागले. आमच्या ओळखीच्या एक काकू अजून कुठलीही भिंत दिसली की बोटाने टकटक करून बघतात. १९९३ मध्येच घटनादुरुस्तीने पंचायतीत आणि नगरपालिकेत बायांना तिसरा हिस्सा जागा मिळाल्या. २०११ पासून आपल्या राज्यात त्या निम्म्या आहेत. खुर्ची आली. वही मात्र अजून बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याच्याच काखेत असते.

तर मावशींचा प्रश्न आम्ही सोडलेला नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या सभेसाठी आम्ही अर्ज लिहिलाय. यात्रेच्या दिवसांत किती टँकर लागले, गाड्या कुठे लावल्या आणि त्याचे काही पैसे घेतले का, झाडलोटीला किती माणसं लावली, त्यांची मजुरी कशातून दिली, एवढंच विचारलंय. अर्जावर चार गटांच्या सह्या झाल्यात, अजून जागा आहे. सभेची तारीख फलकावर लागली की आम्ही याच केंद्रावरून सांगू. येताना पाणीपट्टीची पावती सोबत ठेवा.