आबकारी आणि संसार

दारूचा इतिहास सांगू लागले म्हणजे प्रथम पुढे येतात ते कायदे, मक्ते आणि महसुलाचे आकडे. विकणाऱ्याचे नाव परवान्यावर सापडते, पिणाऱ्याचे फौजदारी दप्तरात. पिणाऱ्याशी जिने संसार मांडला, तिचा उल्लेख मात्र या कागदांत फार उशिरा येतो. जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या अनुषंगाने हा उशीर श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

हे दोन्ही तालुके पश्चिमेस सह्याद्रीला टेकलेले आहेत. नाणेघाट व भीमाशंकर यांच्या आसमंतात महादेव कोळी आणि ठाकर यांची वस्ती. भात, नाचणी आणि हिरडा यांवर त्यांची गुजराण. पूर्वेकडे कुकडी व घोड नद्यांच्या पाण्यावर ऊस, कांदा, द्राक्षे. १८७८ साली मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला आणि डोंगर काय, मैदान काय, दारू गाळण्याविकण्यावर सरकारचा ताबा बसला. घरची भट्टी गुन्हा ठरली. परवान्याचे दुकान राजरोस उघडे राहिले. १८९२ साली घाटाखालच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदाही झाला. कमीत कमी पिण्यातून जास्तीत जास्त उत्पन्न, असे धोरण सरकार सांगत असे. त्यातला उत्तरार्ध मनापासूनचा होता, याविषयी शंका घेण्याचे कारण दिसत नाही.

१८८० च्या जुलै महिन्यात पुणे नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांनी शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले. दारूपायी अनेक कुटुंबांचा सर्वनाश होत आहे, ही त्यांची तक्रार होती. त्यांनी मोजली ती कुटुंबे, हे या पत्राचे महत्त्व. जोतीरावांच्या सत्यशोधक विचाराचे एक बळकट ठाणे जुन्नर तालुक्यात ओतूर येथे होते. भाऊ कोंडाजी डुंबरे पाटील हे तेथील प्रमुख. सावकाराचे कर्ज, लग्नातील उधळपट्टी, म्हणजे घराचा जमाखर्च, हा या मंडळींचा नित्याचा विषय. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या पाठिंब्याने दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले. तो लढा मुख्यतः पुरुष स्वयंसेवकांचा होता.

मद्यप्याची पत्नी मराठी मध्यमवर्गाला खऱ्या अर्थाने दिसली ती रंगभूमीवर. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांना रडविले. आमच्या मते त्या नाटकातील सर्वांत भयंकर प्रसंग शेवटचा आहे. सुधाकराच्या हातून मूल मेले आहे, सिंधू स्वतः मरणपंथाला लागली आहे, आणि फौजदार समोर उभा असता ती नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटे सांगते. प्रेक्षकांनी यात पातिव्रत्य पाहिले. वस्तुतः हे खोटे घरोघर रोज बोलले जात असते. अंगावरचा वळ पडल्यामुळे उठला, भांडे हरवले, मालक आजारी म्हणून कामावर आले नाहीत. असे सांगता सांगता घराची सगळी रीतच बदलते. थोरला मुलगा अकाली कर्ता होतो, मुली बापाच्या पावलांच्या आवाजावरून रात्रीचा अंदाज घेऊ लागतात, सासू मुलाचा दोष सुनेच्या पदरी घालते, आणि पिणाऱ्याच्या लहरीभोवती सारे घर फिरू लागते.

पुढे दारूबंदी आली: १९३९ साली मुंबई शहरात, आणि १९४९ च्या कायद्यानंतर साऱ्या प्रांतात. हेतू उदात्त होता, यात वाद नाही. परंतु गूळ-नवसागराची हातभट्टी ओढ्याच्या काठी गेली आणि पिणारा गुन्हेगार ठरला. नवऱ्याविरुद्ध तक्रार करावी तर मिळवता माणूस तुरुंगात जाणार; न करावी तर मार आहेच. १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकाने चालू झाली, तरी तिची ही कोंडी सुटली नाही.

बायकोलाही उपचाराची आणि बोलण्याची गरज आहे, ही गोष्ट पुण्यात प्रत्यक्षात आणली ती मुक्तांगणने. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली हे व्यसनमुक्ती केंद्र काढले, आणि तेथील ‘सहचरी’ गटात पत्नी एकमेकींपुढे मोकळेपणी बोलू लागल्या. सिंधूला असे ठिकाण नव्हते.

कायद्याने तिला मोजले ते २००८ च्या आदेशाने. गावातील वा प्रभागातील पंचवीस टक्के स्त्रियांनी मागणी केल्यास गुप्त मतदान होते. पत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. आडव्या बाटलीला यादीतील एकूण स्त्रीमतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळाली तर दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्मी मते पुरत नाहीत. म्हणजे जी आलीच नाही, तिचे मत आपोआप दुकानाच्या बाजूला पडते. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील स्त्रिया पोटासाठी डोंगर उतरून नारायणगावच्या मजूरबाजारात उभ्या राहतात आणि तेथून बागायतदारांच्या शेतांवर जातात. मतदान अशा दिवसांत पडले, तर रोज बुडवून गावी परतावे की नाही, हे त्यांनाच ठरवावे लागते. आणि दारूपायी ज्या घरातील एक मिळकत आधीच बुडालेली असते, त्या घराला तिचा तो एका दिवसाचा रोजही मोठा असतो.